आईला माहीत नाही

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिलीच्या वर्गात महामाया सोनकांबळे एकटीच आली. मार्चमध्ये प्रवेश दोघांचा झाला होता, तिचा आणि तिच्या जुळ्या भावाचा, आनंदराजचा. प्रवेशाच्या वेळी उमादेवी टीचर महामायाला काही विचारायच्या तर उत्तर आनंदराज द्यायचा, आणि त्याला विचारलं की दोघंही नुसती हसायची. ही दोघं एकाच बाकावर बसवायची, असं टीचरनी तेव्हाच मनात धरलं होतं.

मे महिन्यात आनंदराज गेला. चाकूरजवळ मामाच्या शेतात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं होतं. दुपारी घरातली सगळी झोपलेली असताना तो तिकडे गेला आणि घसरून आत पडला. असल्या कागदावरून मोठ्या माणसालाही धड वर चढता येत नाही.

शाळा उघडायच्या आधी मुलांचे आजोबा साहेबराव येऊन हे सांगून गेले. धोतर, पांढरा सदरा, हातात टोपी. शाळा मिशनची; ते बोलताना एकसारखे अंगणातल्या मरियामातेच्या पुतळ्याकडे बघत होते.

"लेकीला आम्ही सांगितलं न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "माती झाली त्या दिवशी तिला शेजारच्या वस्तीवर ठिवलं होतं. सुनंनं म्हणलं, आनंद मामाकडं राहिलाय. तेच चालू हाय अजून. तुम्ही बी तसंच म्हणा."

उमादेवींनी सिस्टर फिलोमिनांकडे पाहिलं. सिस्टर मुख्याध्यापिका. केरळमधून येऊन त्यांना इथं इतकी वर्षं झाली होती की रागावल्या की त्या लातूरकरांसारखंच बोलायच्या.

"आम्ही आपणहून काही बोलणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण तिनं विचारलं तर खोटंही सांगणार नाही, बाबा."

"ती इचारत न्हाई," साहेबराव म्हणाले. "एकदा बी इचारलं न्हाई तिनं."

उमादेवी मूळच्या देगलूरच्या. पहिलीच्या मुलांना शाळेत रुळवायचं काम त्यांच्याकडे कितीतरी वर्षं होतं. पालकांना त्यांचं एकच सांगणं असायचं, मुलाची नजर चुकवून जाऊ नका, 'मी जाते, घंटा झाली की येते' असं सांगून जा. रडणाऱ्या मुलाला त्या उचलून घ्यायच्या नाहीत, काहीतरी काम द्यायच्या. कुणी खडू वाटायचे, कुणी कुंडीला पाणी घालायचं. नळ कुठे, संडास कुठे, प्रार्थनेला उभं कुठे राहायचं, हे हात धरून दाखवायच्या. पहिले काही दिवस शाळा अर्धाच वेळ असायची. तेवढ्यात बहुतेक मुलं शांत व्हायची.

महामाया रडली नाही. आजोबांचा हात सोडून ती मुकाट्यानं आत आली, बाकावर बसली. पण दप्तर पाठीवरून काढायला तयार नव्हती. डबा उघडला नाही. नजर सारखी फाटकाकडे. तास संपला की उठून विचारायची, "आता जायचं घरी?"

"नाही गं, अजून वेळ आहे."

"मग कवा?"

टीचरनी तिला खडू वाटायला दिले. तिनं ते भराभरा वाटले, आणि परत येऊन तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती फाटकातून बाहेर पडली. शाळेतल्या मदतनीस कमरुन्निसाबी तिच्यामागे धावल्या आणि रिक्षा स्टँडपाशी तिला धरून आणलं. त्यानंतर फाटकाला कडी लागली, तर महामाया त्या कडीपाशीच उभी राहू लागली.

"भावाची वाट बघून राहिली ती," कमरुन्निसाबी हळूच म्हणाल्या. "येणार नाही तो, हे कोणीतरी सांगा बाई तिला."

उमादेवींनाही तसंच वाटत होतं. त्यांनी तिच्या शेजारची जागा मुद्दाम भरली. सादिया नावाची बोलकी मुलगी तिथं आणून बसवली. महामाया तिच्याशी भांडली नाही, की बोललीही नाही.

शाळा पूर्ण वेळ सुरू झाली त्या दिवशी ते फारच वाढलं. इतर मुलं जेवायला बसली आणि महामाया कडी ओढत राहिली. बोटं लाल झाली तरी ओढत होती. उमादेवी तिला पुतळ्याजवळच्या सावलीत घेऊन गेल्या आणि पायरीवर तिच्याशेजारी बसल्या.

"घरी कशाला जायचंय, महामाया?"

"आई एकटी हाय."

"आबा आहेत की घरी."

"आबा झोपतात. बाया येतात मग."

"येऊ देत. शेजारच्या बायका आईला भेटायलाच येत असतील."

"त्या सांगतील तिला."

"काय सांगतील?"

महामायानं फाटकाकडे पाहिलं, मग टीचरकडे. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आनंद पाण्यात गेला ते."

उमादेवी तिच्याकडे वळून बसल्या.

"आईला म्हाईत न्हाई," महामाया म्हणाली. "तिला वाटतं, तो मामाकडं हाय. रोज म्हणती, मामाकडं हाय, मामाकडं हाय. मी घरी असले की बायांना बोलू देत न्हाई. मधी जाऊन बसते. इथं आले की कोण बसणार?"

"तुला कुणी सांगितलं हे?" उमादेवींनी विचारलं.

"कुणीच न्हाई. मी होते तिथं. त्याची चप्पल खाली गेली, म्हणून तो उतरला. मग त्याला वर येता येईना. मी म्हणलं ये, ये. तो आला न्हाई." ती बोटांवरचा लाल वळ चोळत होती. "मग मी घरात जाऊन आईपाशी झोपले."

मुलांनी जेवणं उरकून पटांगणात दंगा सुरू केला होता. उमादेवींनी तिला जवळ घेतलं. ती आली, पण अंग ताठ ठेवून. तिचा एक कान अजून फाटकाकडेच होता.

संध्याकाळी उमादेवींनी सिस्टरना सगळं सांगितलं. सिस्टरनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली.

"जायलाच हवं तुला त्यांच्या घरी," त्या म्हणाल्या. "आईला कळलंय हे त्या पोरीला कळू दे. नाहीतर ती जन्मभर राखण करत बसेल. पण ती तिथं होती, ते आज सांगू नकोस. आधी त्या बाईला जरा सावरू दे."

सोनकांबळ्यांचं घर दोन खोल्यांचं होतं. वडील मुदखेडला रेल्वेत, आठवड्याला एकदा येत. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली आनंदराजच्या फोटोला जागा केलेली नव्हती, मुलीला दिसू नये म्हणून. महामायाला साहेबरावांनी दुकानात पाठवलं. तिची आई संघमित्रा खाटेच्या कडेला बसून होती. केस विंचरलेले, साडी नीट, पण समोर ठेवलेला चहा साय धरून गार झाला होता.

"ताई, महामायाला सगळं माहीत आहे," उमादेवींनी सुरुवात केली. "आनंद गेला हे तिला कळलंय. पण तुम्हाला ते माहीत नाही, असं तिला वाटतं. तुम्हाला कुणी सांगू नये, म्हणून ती घर सोडत नाही. शाळेत तिचं मन लागत नाही ते त्यामुळं."

साहेबरावांनी तोंडावर पंचा धरला. संघमित्राच्या चेहऱ्यावर काही हललं, जणू हसूच येणार होतं. "माझी राखण करती व्हय ती," ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

ते थांबल्यावर तिनं विचारलं, "पर तिला सांगितलं कुणी? आम्ही कुणालाच सांगू दिलं न्हाई."

शेजारच्या पोरांकडून कळलं असेल, असं उमादेवींना सहज म्हणता आलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्यांना जरा उशीर झाला, आणि तेवढ्यानंच संघमित्राला कळलं.

"ती तिथं होती?"

"ताई, ती पाच वर्षांची आहे."

"माझ्यापाशी येऊन झोपली ती. मी जागी झाले तवा तिचे पाय ओले होते. मी म्हणलं, मोरीत खेळली आसंल." ती सासऱ्याकडे वळली. "तिनं मला उठवलं आसतं तर, आबा?"

"आगं, लेकरू हाय ते," साहेबराव म्हणाले. "तिला काय कळतं. घाबरलं, झोपलं."

"मी कुठं काय म्हणते," संघमित्रा म्हणाली आणि उठून आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. महामाया बिस्किटांचा पुडा घेऊन आली तेव्हा ते दार बंदच होतं. बाहेर बसलेल्या टीचरना पाहून तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. टीचरनी आईला सांगितलं, हे काहीही न विचारता तिनं ओळखलं.

त्यानंतर काही दिवस महामाया शाळेत आली नाही. उमादेवी रोज हजेरी घेताना तिच्या नावापाशी अडायच्या. मग एका सोमवारी साहेबराव तिला घेऊन आले.

"सून माहेरी गेली," ते फाटकाबाहेर उभं राहून म्हणाले. "लेकीला मारलं न्हाई, बोलली न्हाई. निस्तं बघंनाच तिच्याकडं. म्हणली, मला थोडं दिवस जाऊ द्या. पोरगा म्हणतो, जाऊ दे. म्या एकला काय करू?"

"माझंच चुकलं, बाबा," उमादेवी म्हणाल्या.

"तुमचं काय चुकलं." पण ते म्हणताना त्यांनी टीचरकडे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून महामायाचा काही त्रास राहिला नाही. तिनं दप्तर काढून बाकाच्या खणात ठेवलं. डबा खाल्ला. सादियानं दिलेला रंगीत खडू घेतला. फाटकाकडे ती बघेना. एका शिक्षिकेनं स्टाफरूममध्ये म्हटलंही, "रुळली की हो तुमची ती सोनकांबळे. मला वाटलं होतं, दिवाळी उजाडेल." उमादेवींनी डबा बंद केला आणि हात धुवायला उठून गेल्या.

काय झालं होतं ते त्यांना दिसत होतं. घरी राखण करायला आता कुणी नव्हतं, म्हणून ती शाळेत बसत होती.

पुढच्या आठवड्यात उमादेवींनी साहेबरावांकडून नंबर घेतला आणि मधल्या सुट्टीत ऑफिसातून संघमित्राला फोन लावला. महामायाला शेजारी उभं केलं.

"ताई, मी शाळेतून बोलतेय. महामायाशी बोलता का?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. उमादेवींनी फोन मुलीच्या कानाला लावला. बऱ्याच वेळानं तिनं मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. मग म्हणाली, "खाल्ली. बटाट्याची." पुन्हा थांबली. "आबानं केली."

फोन बंद झाला. उमादेवींनी विचारलं, "काय म्हणाली आई?"

"भाजी खाल्ली का म्हणली."

"आणि?"

"आजून काई न्हाई."

ती वर्गाकडे निघाली. उमादेवींनी पुढेही फोन लावले, दर दोनचार दिवसांनी. कधी संघमित्रा उचलायची, कधी नाही. उचलला तर भाजीचंच विचारायची. पावसाळा सरत आला तेव्हा नवरा तिला परत घेऊन आला. त्यानंतर महामायाला सोडायला कधी आजोबा येत, कधी आई. आई आली की फाटकाशी पोरीची वेणी सारखी करायची, टीचरकडे न बघता वळायची आणि निघून जायची. आई रस्त्याच्या वळणाआड होईपर्यंत महामाया उभी राहायची, मग आत यायची. उमादेवी तिला तेवढं उभं राहू द्यायच्या. घंटा झाली तरी.