एकेचाळीस कलबुतं

माळ्यावरून काढलेली एकेचाळीस कलबुतं मी जमिनीवर ओळीनं मांडली आणि जोड्या लावायला बसले. कलबूत म्हणजे ज्याच्यावर चढवून बूट शिवतात तो लाकडी पाय. बाबांनी आयुष्यभर बूटच शिवले, तेव्हा घरात कलबुतं असण्यात नवल नव्हतं. पण तासभर खटपट करूनही एकाचीही जोडी लागेना. डावं मिळालं तर त्याचं उजवं नाही, उजवं मिळालं तर डावं नाही. बरीचशी ठिगळं लावलेली. कुठे टाचेला, कुठे अंगठ्याशी चामड्याचे तुकडे बारीक खिळ्यांनी ठोकलेले. तळाला आकडे होते आणि पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं होतं. अक्षर आईचं, ते मी लगेच ओळखलं. एकावर 'थंडीत दुखतो', एकावर 'करंगळीला हात लावू नये', एकावर तर 'थट्टा चालते'. मला हसू आलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. दुकानात बसायची तेव्हा गिऱ्हाइकांच्या कुरकुरी टिपून ठेवत असेल, असं मी ठरवून टाकलं आणि पुढच्या कलबुताला हात घातला.

माझी नोकरी इस्पितळाच्या भांडारात. सलाइनच्या बाटल्यांपासून झाडूपर्यंत सगळं माझ्या ताब्यात. नवा साहेब आला की पहिल्याच दिवशी मी त्याला माझा नियम ऐकवते: दोन वर्षं ज्या वस्तूची मागणी आली नाही, ती बाहेर. या नियमाच्या जोरावर मी इस्पितळाला तीन खोल्या रिकाम्या करून दिल्या आहेत. त्या आठवड्यात बाबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आमच्याच इस्पितळात होते. ते परत यायच्या आत दुकानामागची त्यांची खोली लख्ख करायची, खाट खिडकीशी आणायची, माळा मोकळा करायचा, असं मी मनावर घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. वाटलं, म्हातारा खूश होईल.

गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे. बेकरीवाला स्वतः हातगाडी घेऊन आला. असं वाळलेलं लाकूड हल्ली बघायलाही मिळत नाही म्हणाला आणि दोन खेपांत माळा साफ झाला.

बाबा घरी आले. त्यांनी खाट पाहिली, खिडकी पाहिली आणि मग मान वर केली.

"वरचं कुठे गेलं?"

"बेकरीवाल्याला दिलं. एकाचीही जोडी नव्हती, बाबा."

"नव्हती खरी," ते म्हणाले आणि खाटेवर बसून चहा मागितला.

एवढं राबून चांगलं झालं असा शब्द नाही, म्हणून मी घुश्शातच चहा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाल्यानं ताज्या पावांची लादी पाठवली. बाबांनी त्यातला एक मोडून चहात बुडवला आणि सावकाश खाल्ला. मी समोरच बसले होते.

बाबांशी माझं जुनंच वाकडं. युद्ध झालं ते माझ्या जन्माआधी. काका आघाडीवर होते आणि त्यांच्या गोष्टींवर आम्ही भावंडं वाढलो. दर वर्षी त्या गोष्टींतल्या तोफा एक-दोननं वाढायच्या, पण ऐकताना अंगावर काटा यायचा. बाबांकडे गोष्टच नव्हती. शाळेत बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरच्यांनी युद्धात काय केलं? मी ठोकून दिलं, माझे बाबा तोफ चालवायचे. बाईंनी भाबडेपणानं त्यांना वर्गात बोलावलं. बाबा धुतलेला शर्ट घालून आले, फळ्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी पिछाडीच्या इस्पितळात बुटांचं काम केलं. तोफ मी लांबूनच ऐकली." वर्ग हसला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते आठही दिवस माझे शाळेचे बूट सकाळी चकचकीत पॉलिश केलेले असायचे. पुढे मोठी झाल्यावर काकांचं कौतुक निघालं की मी हटकून म्हणायची, आमचे बाबा तेव्हा टाके घालत बसले होते, फरक इतकाच की बुटांना. सगळे हसायचे. बाबाही हसायचे.

बाबा घरी आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, दुकानाच्या पायरीवर कुबडी वाजली. म्हातारे गृहस्थ होते. विजारीची डावी बाजू मांडीपाशी दुमडून पिन लावलेली, उजव्या पायात जुना पण निगुतीनं राखलेला बूट. आपण घड्याळजी असल्याचं त्यांनी सांगितलं. दोन बस बदलून आले होते. पत्र टाकलं, उत्तर आलं नाही, म्हणून मालक आहेत की नाहीत ते बघायला आलो, म्हणाले. ते पत्र माझ्या हाती पडलं होतं, माळा काढायच्या दोन दिवस आधी. 'एक बूट पाठवावा' एवढंच वाचून मी ते कुणाच्या तरी विसराळूपणात जमा केलं होतं. म्हणजे माझ्या नियमाप्रमाणेही मागणी आलेली होती.

बाबा आत झोपले होते. मी घड्याळजींना खुर्ची दिली.

"बावीस नंबर, उजवा," ते म्हणाले. "तीन वर्षं टिकवला हो. मालकांना उगाच त्रास कशाला, म्हणून जपून चालतो."

मला काही कळेना, हे त्यांच्या लक्षात आलं. तुम्हाला घरात सांगितलं नाही का, असं त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच सांगू लागले. त्या इस्पितळात जखम भरली की घरी जाताना नवे बूट मिळायचे. बूट भांडारातून यायचे आणि भांडाराचा नियम असा, की द्यायची ती जोडीच.

"मी खोकं उघडलं. दोन बूट. एक घातला. दुसऱ्याचं काय करायचं तेच सुचेना. दिवसभर मांडीवर घेऊन बसलो होतो, लहान मूल घ्यावं तसा. तुमचे वडील तिथून हत्यारांची पेटी घेऊन चालले होते. त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या वॉर्डात दुसरा बूट कुणाच्या नजरेला पडला नाही. साहेबांशी भांडले त्यापायी, शिक्षा भोगली. ज्याचा जो पाय असेल त्याच्या मापाचा एकच बूट, तो ते स्वतः शिवणार."

माप घ्यायला आई यायची. ती तिथे वॉर्डात कामाला होती, हेही मला त्या दुपारी कळलं. कागद-पेन्सिल घेऊन ती जमिनीवर बसायची आणि आहे त्या पायाबद्दलच बोलायची. "मला म्हणाल्या, तुमचा पाय रुंद आहे, असा माणूस घसरत नाही. मी बोहल्यावर चढलो तो त्या एका वाक्यावर," घड्याळजी हसले. "युद्ध संपलं तरी मालकांनी सोडलं नाही आम्हाला. पत्र टाकायचं, की बूट घरी. एकच बूट असलेला माणूस तो मापाला ठेवून कसा जाणार? म्हणून कलबूत इथे. कुणी वारला की मालक त्याचं कलबूत त्याच्या घरच्यांकडे धाडतात. म्हणजे वर आहेत ते सगळे अजून चालताहेत." मग जरा लाजून त्यांनी विचारलं, "माझ्या कलबुतावर तुमच्या आईंनी लिहिलंय, थट्टा चालते. एकदा बघायला मिळेल का?"

मी खोटं बोलले. शिडी नाही म्हणाले, पुढच्या बुधवारी या म्हणाले.

ते दिसेनासे झाल्यावर मी चप्पल न घालताच बेकरीकडे धावले. भट्टी धगधगत होती. माझं एखादं लाकूड शिल्लक आहे का, विचारलं. बेकरीवाल्यानं हात झटकले. "कसलं शिल्लक, ताई? सोन्यासारखं जळलं. खिळे मात्र राखेतून फार निघाले." त्यानं ते एका डब्यात जमवून ठेवले होते. हवेत का म्हणाला, आणि डब्यावर दोन गरम पाव ठेवून दिले. मी तसाच डबा उचलला.

घरी आले तर बाबा खाटेवर बसलेले. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक खिळा उचलला आणि बोटांत दाबला. तो सहज वाकला.

"जळला की असाच मऊ होतो," ते म्हणाले. "घड्याळजी आला होता ना? आवाज ओळखला मी."

"जागे होतात? मग बाहेर का नाही आलात?"

"आलो असतो तर त्यानं कलबूत मागितलं असतं. मग तुझं नाव सांगावं लागलं असतं."

मला रडू आवरेना. इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंत, असं मी म्हटलं, आणि म्हणताना कळत होतं की मी अजूनही त्यांच्याच माथी खापर फोडतेय.

"सांगायचं काय? पाय त्यांचे गेले," बाबा म्हणाले. "सांगायचं तर त्यांनी सांगायचं. तुझी आईही हेच म्हणायची."

डबा त्यांनी खाटेखाली सरकवला. पावांना त्या दिवशी मी हात लावला नाही, त्यांनी लावला. वाया कशाला घालवायचे, म्हणाले.

बुधवारी घड्याळजी आले. मी त्यांना पायरीवरच सगळं सांगून टाकलं, जाळलं कुणी, कशासाठी, सगळं. ऐकताना त्यांचा हात कुबडीवर घट्ट झाला.

"पाव तरी बरे भाजले का?" अखेर त्यांनी विचारलं.

थट्टा चालते असं आईनं लिहिलं होतं. ती त्यांनी माझ्यासाठी स्वतःच केली, आणि त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बाबा भिंतीला धरून बाहेर आले. दोघांनी एकमेकांचे हात धरले, प्रकृतीची विचारपूस केली, कलबुताचा विषय कुणीच काढला नाही. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, माप घ्यावं लागेल. त्यांचे हात आता थरथरतात. पेन्सिल सरळ धरायची, तिरपी नाही, नाहीतर पाय बारीक येतो, असं त्यांनी मला समजावलं. बाकीच्या चाळीस जणांचे पत्ते त्यांना तोंडपाठ होते. ते मी आदल्या दिवशी उतरवून घेतले होते. त्यातले कितीजण दोन बस बदलून येऊ शकतील आणि कितीजणांकडे मला जावं लागेल, ते अजून कळायचं होतं.

घड्याळजींना आत खाटेवर बसवून मी वहीतून कागद फाडले आणि त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसले. आई अशीच बसत असणार. त्यांनी बूट काढला, मोजाही काढला. पाय खरोखरच रुंद होता. तो उचलून मी एका कागदावर ठेवला, अंगठ्यापाशी पेन्सिल टेकवली, आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. जोडीच्या सवयीनं मी दोन कागद फाडले होते. दुसरा शेजारी, डाव्या अंगाला, व्यवस्थित मांडून ठेवलेला.

घड्याळजी माळ्याकडे बघत होते. बाबा कुशीवर हात दाबून कष्टानं वाकले. तो कोरा कागद त्यांनी हळूच ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिला.