तीन पायांची बाज

मी एक जुनी बाज आहे आणि मला तीनच पाय आहेत. चौथा राजशेखरने कुऱ्हाडीने तोडला. का तोडला, ते तुम्हाला सांगते, मित्रांनो.

मैंदर्गीच्या शिवलिंगप्पा सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. मुक्ताबाईंच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी टेम्पोतून सोलापूरला आले. त्यांचा बाळ राजशेखर सव्वा महिना माझ्यावरच निजला. पुढे गल्लीत कुणाच्याही घरी बाळ झाले की मला बोलावणे यायचे. बाळंतिणीला माझ्यावर झोपवत, खाली शेगडीत निखारे ठेवत, त्यावर ओवा आणि शोपा टाकत. त्या शेकाने अंग भरून येते, असे सगळे मानत. मालिश करणाऱ्या खातूनबी मला थोपटून म्हणायच्या, "लई गुणाची बाज हाय. हिच्यावरची एकबी पोरगी वाया गेली न्हाय." मला फार अभिमान वाटायचा. दर वेळी पायथ्याची दोरी ओढून माझी सुतळी ताठ केली जायची.

राजशेखर मोठा होऊन चादरीच्या कारखान्यात माग चालवू लागला. तुटलेला धागा तो न बघता जोडायचा. मागावरची गाठ अशी असते की ओढली की आणखी आवळते. मागाच्या आवाजाने त्याला थोडे कमी ऐकू यायचे. त्याची बायको महानंदा त्याच्याशी ओरडून बोलायची आणि मग स्वतःच हसायची.

तिला मुलगा झाला. पाचव्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "मला झोप येत न्हाय ओ. बाळ रडलं की डोक्यात घण पडतो. माझ्या हातनं त्याला काय तरी होईल, अशी भीती वाटती. मला दवाखान्यात न्या की."

या वेळी ती ओरडली नव्हती. तरी त्याने ऐकले. त्याने आईला सांगितले.

"पोरगा झालाय, तूप-शिरा मिळतोय, आणि काय पायजे हिला?" मुक्ताबाई म्हणाल्या. "याड्याच्या डॉक्टरकडं नेलं तर लोकं काय म्हणतील?"

खातूनबी म्हणाल्या, "मुक्ता, अंगात वारा शिरलाय. शेक वाढव."

निखारे वाढले. महानंदा उठू लागली की तिला खाली दाबत. तिने आणखी तीनदा दवाखाना मागितला. अकराव्या दिवशी दुपारी तिने बाळ सासूच्या मांडीवर ठेवले. "ह्याला माझ्यापासनं लांब ठेवा," असे म्हणून तिने आपले डोके माझ्या लाकडावर आपटले. पुन्हा आपटले. तिचे रक्त माझ्या सुतळीत उतरले. राजशेखरने तिला दोन थोबाडीत दिल्या. तिचा ओठ फुटला. ती त्याच्या हाताला चावली.

"अव्वा, धर हिला!" तो आईला ओरडून म्हणाला. जुने धोतर फाडून त्याने तिचे हात-पाय मला बांधले. सवयीने त्याने मागावरचीच गाठ मारली.

बाळाला बाहेर निजवून मुक्ताबाईंनी शेगडीत मूठभर लाल मिरच्या टाकल्या. ठसका लागला नाही तर बाधा आहे, असे त्या समजत होत्या. खोलीतले सगळे खोकू लागले. महानंदा छताकडे बघत पडून राहिली. तिला खोकला आला नाही.

"बघा! बाहेरचंच हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. डोळे चोळत सगळे बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतले.

मित्रांनो, या वेळी माझी दोरी कुणी ओढली नव्हती. माझी सुतळी निखाऱ्यांपर्यंत लोंबत होती. ती पेटली, तटातट तुटली आणि महानंदा बांधलेल्या हातांनी शेगडीवर पडली. मग ती ओरडली.

राजशेखर आत धावला. तो गाठी हातांनी ओढू लागला, दातांनी ओढू लागला. जितकी ओढे तितकी गाठ आवळत होती. त्याचे हात भाजले. शेवटी कुणीतरी विळी आणली.

महानंदा दवाखान्यात तीन दिवस जगली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर असा आजार होतो. बऱ्याच जणींना होतो. औषधानं, झोपेनं बऱ्या होतात. आधी का नाही आणलंत?" मुक्ताबाईंनी सर्वांना सांगितले की शेगडीचा भडका उडाला. राजशेखरनेही मान हलवली.

मुक्ताबाईंनी माझे जळलेले लाकूड तासून घेतले आणि मला नवी सुतळी विणली. बाज गुणाची होती ना! मी चार वर्षे कोपऱ्यात उभी होते; महानंदाचा मुलगा माझ्यासमोर वाढत होता. मला कुणी विचारले असते तर मी सांगितले असते.

मग खातूनबींची नात शाइस्ता बाळंत झाली. खातूनबी दारात आल्या. "राजू, बाज दे की रे. पोरगी चार दिवस झोपली न्हाय, नुसती रडतीया. शेक द्यायला पायजे."

राजशेखर उठला. त्याने मला ओढत गल्लीत नेले आणि कुऱ्हाड उचलली. पहिल्या घावाला माझा पाय चिरला, तिसऱ्याला तुटून गटारीत पडला.

"याडा झालास का?" खातूनबी मागे सरल्या.

"व्हय खाला, झालो. भडका न्हवता उडाला. मी बांधली होती तिला. ह्या हातांनी. तिला बाधा न्हवती, आजार होता. चारदा दवाखाना मागितला तिनं."

"गप की रे! लोकं ऐकायलेत," मुक्ताबाई आतून ओरडल्या.

"ऐकू दे की अव्वा. तवा कुणी ऐकलं न्हाय."

कुऱ्हाड टाकून तो खातूनबींच्या दारात रिक्षा घेऊन आला. शाइस्ताला तिच्या नवऱ्याने उचलून रिक्षात बसवले. खातूनबी तिच्या शेजारी बसल्या आणि रिक्षा दवाखान्याकडे निघाली.

शाइस्ता आता औषध घेते आणि झोपते. परवा ती बाळाला घेऊन माझ्यासमोरून गेली. बाळाने तिचे केस ओढले तेव्हा ती त्याच्यावर चिडली आणि मग हसली.

मी भिंतीला टेकून उभी असते. राजशेखरने माझी सुतळी काढून टाकली, पण मला जाळले नाही. कामावर जाताना तो रोज माझ्याकडे बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा सगळे पाळण्याभोवती जमतील. तुम्ही त्याच्या आईजवळ बसा. ती झोपली का, विचारा. ती भीती वाटते म्हणाली तर तिला हसू नका, ते लपवू नका, तिला दवाखान्यात घेऊन चला. महानंदाचे बोलणे मीही चारदा ऐकले होते. पण मी लाकूड आहे, मला उठता आले नाही. तुम्हाला उठता येते.