मुसकं बांधलेली कबड्डी

सुपडू ठार बहिरा होता, आणि ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती. शेजारी राहत असल्यामुळे मलाही होती, पण माझं कोण विचारतं. सुरतेजवळच्या उधन्याच्या आमच्या चाळीत बहिरेपण लपवणं अवघड नव्हतं. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. सुपडू त्या सवयीच्या आडोशाला राहिला आणि वर दसऱ्याच्या कबड्डीचा पंच झाला. चढाईवाल्याचा दम कुठे तुटला, हे तो ओठांवरून ओळखायचा. कधी चुकला नाही, त्यामुळे मिशीला पीळ देत फिरायचा. मागच्या चाळीतला आनंदा त्याच्या जागेवर डोळा ठेवून होता.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला. अर्धी चाळ मिळेल त्या गाडीने धुळ्या-जळगावकडे पळाली, दसऱ्याच्या तोंडावर परतली आणि पिशव्या खाली ठेवायच्या आधी कबड्डीचं विचारू लागली. आमच्या लोकांना अक्कल कधी येणार, देव जाणे. मंडळाचे काशिनाथ तात्या म्हणाले, खेळा, पण तोंडाला फडकं बांधून. पंचालाही शिट्टी मिळणार नाही. तेलाच्या डब्यावर लूमचा लाकडी धोटा आपटायचा. शिट्टी गेल्याचं सुपडूला वाईट वाटलं नाही. तिचा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकलाच नव्हता.

फडकी शिवली बायकांनी, साड्यांच्या उरलेल्या पॉलिस्टरची, चांगली तिहेरी, मागे पक्की गाठ मारून. बैलाच्या मुसक्यांवर कधी बारीक जरीची फुलं नसतात, एवढाच काय तो फरक. आमची चाळ विरुद्ध मागची चाळ असा सामना सुरू झाला आणि सुपडूचा चेहरा पडला. ओठ कुठे दिसतात? पहिल्याच चढाईत धुडकू मधेच थांबून शिंकला आणि पुन्हा कबड्डी कबड्डी करत निघाला. अख्खी चाळ हसली. पंचाचा धोटा हवेतच राहिला.

आनंदा उठला. "पंचाले आयकू येत नही का?" असं त्याने मैदानाकडे तोंड करून विचारलं.

मालतीबाई, म्हणजे सुपडूची बायको, समोरच्या बाजूला बसली होती. नवऱ्याच्या हातातला धोटा गेला तर तो घरात तोंड शिवून बसेल, हे तिला माहीत होतं. पुढच्या चढाईत दम तुटताच तिने हात वर करून दोन बोटं फाकवली. लूमवर धागा तुटला की करतात तीच खूण. सुपडूने धाडकन डबा वाजवला. मग ती बोटं फाकवायची आणि हा वाजवायचा, असं छान जमलं. लोकांना वाटलं, बाईच्या अंगात वारं आलंय.

पण मध्यंतराच्या जरा आधी आमच्या चाळीकडून खेळणारा तिचा सख्खा भाऊ लखन पकडला गेला. त्याच्या मुसक्याची गाठ कुणाच्या तरी मुठीत आली, पॉलिस्टर घामाने नाकाला चिकटलं आणि गडी डोळे पांढरे करू लागला. दवाखान्यातले डॉक्टर बघायला आले होते, ते धावले. फडकं काढून त्यांनी लखनला वाऱ्यावर बसवलं आणि सगळ्यांना यथेच्छ झापलं. धावणाऱ्याला पातळ सुती कापड लागतं, ते ओलं झालं की बदलायचं, गाठ एका ओढीत सुटली पाहिजे, आणि धाप लागली तर लांब जाऊन तोंड मोकळं करायचं. मालतीबाईने आपलं जुनं मऊ लुगडं आणलं आणि उभ्या उभ्या फाडलं.

दुसऱ्या डावात सगळे लुगड्याच्या पट्ट्या बांधून खेळले. गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई लखनकडे. तो गेला, दोघांना शिवला, आणि रेषेपासून हातभर अंतरावर त्याचा दम तुटला. मी ऐकलं. मालतीबाईनेही ऐकलं. तिचा हात मांडीवरून उठला आणि परत पदरात गेला.

तरीही डबा वाजला. सुपडूने लखन बाद दिला. मागची चाळ जिंकली, आणि आनंदाने स्वतः येऊन पंचाच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. लखन मात्र न जेवताच तरातरा निघून गेला.

आम्ही आपापल्या ओट्यावर जेवायला बसलो. मालतीबाईने हातवारे करून नवऱ्याला विचारलं, कसं कळलं?

"फडकं मझार गयं," सुपडू म्हणाला. त्याला वाटलं आपण हळू बोलतोय. तीन घरांना ऐकू गेलं. "श्वास लिधा का पातळ फडकं तोंडमा जास. माले दिसनं." मग भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तुना हातबी देखा मी. पदरमा व्हता."

मालतीबाईने तोंडावर पदर ओढला. "चुकनं मनं," ती पदराआडून कबूल करत म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं. ज्याच्यासाठी होतं, त्याला पदराच्या काठाशिवाय काही दिसलं नाही.

"काय म्हनी?" सुपडूने विचारलं.

तिने पदर खाली घेतला, त्याच्याकडे नीट तोंड केलं आणि ओठ हलवून पुन्हा सांगितलं.