कामाला लागायची तारीख

मित्रांनो, माझे कोपरे कापलेले दिसले म्हणून मला उंदरांनी कुरतडलेला समजू नका. मी वल्लरीचा जुना पासपोर्ट आहे. पनवेलच्या कोळीवाड्यात, तिचे आजोबा दयाराम यांच्या पत्र्याच्या डब्यात, बोटीच्या कागदांशेजारी मी राहतो. डब्याला सुक्या बोंबलाचा वास येतो. पूर्वी मला तो खपला नसता. आता त्याच्याशिवाय करमत नाही.

नाशिकच्या छापखान्यात माझा जन्म झाला. गडद निळं कव्हर, त्यावर सोनेरी सिंह, आत कोरी करकरीत पानं. तेव्हा मी भलताच तोऱ्यात होतो. मग माझ्यात तीन वर्षांच्या वल्लरीचा फोटो छापला गेला आणि तोरा जरा उतरला, कारण रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. तिला सही येत नव्हती, म्हणून तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला. शाईचा तो अंगठा तिनं लगेच आईच्या ओढणीला पुसला.

वल्लरीचे बाबा जीवन तेव्हा उरणजवळच्या बंदरात क्रेन चालवत. त्यांना ओमानमधल्या सलाला बंदरात काम मिळालं आणि वल्लरी, तिची आई कोमल आणि ते असे तिघंही तिकडे राहायला निघाले. विमानतळावर माझ्या पानावर पहिला शिक्का बसला तेव्हा मला गुदगुल्याच झाल्या!

सलालात आम्ही तिघं पासपोर्ट एकाच प्लास्टिकच्या पाकिटात राहायचो. आईबाबांचे पासपोर्ट मला ‘बारक्या’ म्हणत आणि आपली मुदत दहा वर्षांची असल्याचं ऐटीत सांगत. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षं असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण? जीवन क्रेनच्या दोरांची तपासणी एक दिवसही इकडेतिकडे होऊ देत नसत. माझी तारीख मात्र त्यांनी कधी पाहिलीच नाही. तिघांचेही पासपोर्ट दहा वर्षांचेच, असं ते धरून चालले होते.

पाहिली ती आजोबांनी, आणि तीही पनवेलमध्ये बसून.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. करंजा बंदरात आजोबांची बोट वर ओढलेली असते आणि आजोबा घरी डबा उघडून बोटीचा परवाना, विमा असे सगळे कागद तपासत बसतात. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीनं तारखा लिहितात. पण त्यांची एक रीत आहे. कागद संपायची तारीख ते लिहीतच नाहीत. त्याच्या कितीतरी आधीची, कामाला लागायची तारीख लिहितात.

त्या जुलैत एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांचे कागद बघून वल्लरी म्हणाली, “आजोबा, माझ्याकडे पण कागद आहे!” आणि तिनं मला उघडून फोनसमोर धरलं.

“थांब गो बाय, हलवू नको.” आजोबांनी चष्मा सारखा केला. “नऊ फेब्रुवारी. येत्या सालातली. बापाला बोलव.”

जीवन हसतच आले. “बाबा, आमचे पासपोर्ट दहा वर्षांचे आहेत.”

“तुमचं ऱ्हाव दे. पोरीचा बघ.”

त्यांनी मला हातात घेतलं आणि त्यांचं हसू मावळलं. “अजून सात महिने आहेत, बाबा,” ते हळूच म्हणाले.

“सात नाय, एकच हाय. परत तिकडं शिरताना सा महिने बाकी पायजेत, तूच सांगितलंवतंस ना? परवाना संपल्यावर धावतो काय आमी? उद्याच जा.”

दुसऱ्याच दिवशी मी अर्ज केंद्रात पोचलो. वल्लरीचा पहिला फोटो परत आला, कारण पडलेला दात दाखवत ती मनापासून हसली होती. दुसऱ्या फोटोत तिनं तोंड इतकं मिटलं की आईलाच हसू फुटलं. नंतर कित्येक आठवडे मी टेबलाटेबलावर फिरत होतो. तेवढे दिवस वल्लरीला देशाबाहेर पाऊल टाकणं शक्य नव्हतं. शेवटी नवा पासपोर्ट तयार झाला आणि एकानं कात्री घेऊन माझे कोपरे उडवले. वर ‘रद्द’ असा शिक्का मारला. खरं सांगतो, मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. पाच वर्षं इमानानं राबलो, त्याचं हे बक्षीस का?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वल्लरीचा तिथे राहण्याचा परवाना नव्या पासपोर्टवर चढला. त्यानंतर दहाच दिवसांनी पनवेलहून शांती आजीचा फोन आला.

“जीवन, तुजे बाबा बोटीवर बर्फ भरता भरता खाली बसले रं. छातीत कळ आली. परवा आपरेशन हाय. सारखं इचारतान, वल्लरी कवा येल?”

सकाळच्या विमानाची तीन तिकिटं निघाली. मला रबर लावून नव्या पासपोर्टला जोडलं होतं. विमानतळावरच्या बाईंनी नव्या पासपोर्टची तारीख पाहिली आणि मान डोलावली. बस्, एवढंच झालं. पण माझ्या पानापानात धडधड होत होती. माझ्या मुदतीचे आता पाचच महिने उरले होते. माझ्या भरवशावर वल्लरी गेली असती, तर तिला परत आपल्या शाळेत येता आलं नसतं. अर्ज उशिरा केला असता, तर मी त्या दिवशी कुणाच्या तरी टेबलावर पडलेला असतो आणि आई-वल्लरी दोघी मागेच राहिल्या असत्या. त्या क्षणी मी त्या कात्रीला मनोमन हात जोडले.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वल्लरीनं मला आजोबांच्या हातात ठेवलं. “तुम्ही तारीख बघितलीत ना, म्हणून मी आले,” ती म्हणाली.

आजोबांनी माझ्या कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. “यानं आपलं काम केलंन. याला माज्या डब्यात ठेव.” पाच वर्षांत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. तेवढ्यावर मी सगळं विसरलो.

ऑपरेशन नीट पार पडलं. आजोबा हिंडूफिरू लागले. “आता तुम्ही या आमच्याकडे,” असा वल्लरीनं हट्ट धरला आणि जन्मभर समुद्रावर राहिलेल्या, पण विमानात कधीही न बसलेल्या आजोबांनी एकाहत्तराव्या वर्षी पासपोर्ट काढला. तो आता माझ्या शेजारी आहे. कोरा आहे, तोऱ्यात आहे. मीही असाच होतो, म्हणून त्याचं मी मनावर घेत नाही.

मित्रांनो, घरी गेलात की तुमचा पासपोर्ट एकदा उघडून बघा. आईबाबांच्या मुदतीवर जाऊ नका, तुमची तारीख शोधा. आणि लिहून ठेवायची ती संपायची नाही, कामाला लागायची. आमच्यासारख्या मुक्या कागदांना हाक मारता येत नाही. तुम्हीच आमच्याकडे बघायला हवं.

डिसेंबरच्या सुट्टीत आजोबांना न्यायला सगळे पनवेलला आले, तेव्हा वल्लरी स्टुलावर चढली. कपाटाच्या दारावर, बोटीच्या तारखांखाली, तिनं नऊ वर्षांनंतरची एक तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं: आजोबा, पासपोर्ट, कामाला लागा.

शांती आजी हसायला लागली. “नऊ वर्सांनी? तवा म्हातारा ऐंशीचा होईल गो!”

आजोबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

“पोरीनं लिवलंय ना?” ते म्हणाले. “मंग त्या दिवशी हजर ऱ्हायलाच पायजे.”