उखाचा होकार

उखा बोरसेला कानाने कमी ऐकू येतं, हे सुरतेत लिंबायतच्या त्याच्या गल्लीत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कारण साधं होतं. पॉवरलूमच्या खडखडाटात जन्म घालवलेली माणसं तिथे घरोघर होती, आणि सगळीच घरात बसून बांधावरून हाक मारावी तशी बोलायची. शिवाय उखाला ऐकू येत नसे ते जास्त करून बायकोचं, आणि नवऱ्याने बायकोचं न ऐकणं याला आपल्याकडे कोणी आजार म्हणत नाही. त्याची बायको मंगलाबाई म्हणायची, भिंतीशी बोललं तर निदान एखादा पोपडा तरी पडतो. उखा समोरच्याच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायचा. अंदाज चुकतोय असं वाटलं की खुशाल म्हणायचा, "हां, चांगलं शे." खानदेश सोडून सुरतेत आल्याला जमाना झाला होता, पण घरची अहिराणी सुटली नव्हती, आणि एवढ्या भांडवलावर त्याचं बरं चाललं होतं.

फोनवर मात्र समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. उखाची खरी पंचाईत तिथे व्हायची.

वर्षा त्याची एकुलती एक मुलगी. कापड मार्केटात एका व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर साड्यांचे फोटो चढवायची, आणि सुट्ट्या साठल्या की पाठीवर सॅक टाकून जंगलं बघत हिंडायची. लग्नाच्या वयात पोरीने हे काय आरंभलंय, असं नातेवाइकांचं मत होतं, आणि नातेवाइकांची मतं ऐकू येत नसल्याने उखा सुखी होता. मागच्या वर्षी ती एकटीच श्रीलंकेला गेली. तिथून तिचे फोन यायचे. उखा कामावरच्या लूमच्या शेडबाहेर येऊन फोन कानाला लावायचा. आवाज पोरीचा आहे एवढं कळायचं, शब्द कळायचे नाहीत. एकदा ती फार वेळ बोलली, आणि शेवटी काहीतरी विचारून थांबली. थांबली त्यावरूनच विचारलं असावं, असं त्याने ताडलं. तो नेहमीसारखा हसला आणि म्हणाला, "हां, चांगलं शे. मजा कर." मग फोन बंद झाला.

आपण कशाला हो म्हणालो, ही भुणभुण तेव्हापासून त्याच्यामागे लागली. पोरीने लग्न ठरवलं असेल का? नोकरी सोडली असेल का? ती परत आली तर दोन्हीतलं काहीच झालेलं नव्हतं. उलट येईल त्याला ती सांगत सुटली, की परक्या मुलखात मी टिकले ती पप्पांमुळे, पप्पांसारखं काळीज कोणाचं नाही. उखा मिशीत हसायचा आणि आतून घाबरायचा. तिला सरळ विचारावं, तर बहिरेपण उघडं पडणार. ते उघडं पडलं, की हे कौतुकही गेलं. आणि उखाचं कौतुक जन्मात दुसऱ्या कोणी केलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प राहिला.

संक्रांतीनंतर शेठने शेडची वायरिंग बदलायला काढली आणि लूम बंद पडले. वर्षा म्हणाली, चला पप्पा, बारडोलीपर्यंत बसने जाऊ आणि तिथून नहेरीच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेने मांडवीच्या दिशेला पायी. मंगलाबाई म्हणाली, घरात एक येडं होतं, आता दोन झाली. तरी भाकऱ्या आणि शेंगा तिनेच बांधून दिल्या. उखाने आढेवेढे घेतले नाहीत. दोन दिवस पोरगी सोबत असणार होती. बोलता बोलता ती गोष्ट कधीतरी निघेल आणि तिच्या ओठांवरून आपल्याला उचलता येईल, असा त्याचा हिशेब होता.

नहेरीच्या दोन्ही अंगांना ऊस होता, कुठे उभा, कुठे तुटलेला. वर्षा मधेच थबकायची, बोट वर करून म्हणायची, "ऐका पप्पा." मग उखा मान वाकडी करून ऐकायचा आणि चेहऱ्यावर जमेल तेवढा आनंद आणायचा. एकदा तर पक्षी उडून गेला, वर्षा पुढे चालू लागली, तरी हा गृहस्थ ऐकत उभाच. ती हसून म्हणाली, की तुम्हाला माझ्याहून जास्त नाद आहे. वाटेत ऊसतोडणीच्या बायांनी त्यांना बजावलं, की फड तुटत चाललेत तसा दीपडा राहिलेल्या उसात सरकतोय, सांभाळून जा. सुरतेकडे बिबट्याला दीपडाच म्हणतात. वर्षाचे डोळे चमकले. श्रीलंकेत तिने ज्याच्यासाठी रानं पालथी घातली, तो तिला तिकडे दिसला नव्हता.

पुढे नहेरीला एक दरवाजा लागला. पाणी वरून खाली धाडधाड कोसळत होतं, आणि बाजूने पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत होत्या. वर्षाने रिकाम्या बाटल्या काढल्या आणि उखाला सांगितलं, "खाली पाण्याजवळ मला काही ऐकू येणार नाही. त्या आंब्यावर वानरं आहेत. ती खाकरायला लागली की लगेच मला सांगा, म्हणजे दीपडा जवळ आहे." सांगताना ती सॅकचा पट्टा सोडवत होती, तिचं तोंड खाली होतं. उखाला त्यातलं काही उमगलं नाही. "हां, चांगलं शे," म्हणून तो दगडावर बसला आणि शेंगा सोलू लागला.

आंब्यावर वानरांनी फांद्या गदागदा हलवायला सुरुवात केली. यांना शेंगा पाहिजेत, असं उखाला वाटलं. त्याने दोन शेंगा तिकडे फेकल्यासुद्धा. मग त्याने खाली पाहिलं. वर्षा शेवटच्या पायरीवर उकिडवी बसून बाटली बुडवत होती, आणि तिच्या डाव्या हाताला, उसातून अर्धा बाहेर येऊन, दीपडा उभा होता.

उखाच्या पाचावर धारण बसली, पण तो ओरडला नाही. चालत्या लूमपाशी कोणाचा हात अडकेल असं दिसलं तर शेडमध्ये कोणी ओरडत नाही. एक तर ऐकू जात नाही, आणि गेलंच तर माणूस दचकतो आणि हात आणखी आत जातो. तिथे सगळं हातवाऱ्यांनी चालतं. उखा सावकाश उभा राहिला. वर्षाने बाटलीला बूच लावताना मान वर केली, तेव्हा त्याचा तळवा जमिनीकडे होता. हलू नको. मग दोन बोटं हळूहळू आपल्या छातीकडे आली. आता हात बाहेर काढ, सावकाश.

लहानपणी रोज शेडमध्ये बापाचा डबा पोचवणाऱ्या पोरीला ही भाषा पाठ होती. काय आहे, कुठे आहे, हे तिने वळून पाहिलं नाही. बापाच्या बोटांवर नजर ठेवून ती एक एक पायरी चढत वर आली. दीपड्याने दोघांकडे पाहिलं, यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असं ठरवलं, आणि तो दरवाजावरच्या फळीवरून पलीकडे जाऊन उसात शिरला. झालं एवढंच.

वर्षा बाटली बाजूला ठेवून खाली बसली. आधी हसली, मग दम खात म्हणाली, "वानरं केव्हाची ओरडताहेत, पप्पा. वर आल्याबरोबर मला ऐकू आलं. तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

उखाची नजर अजून पलीकडच्या उसावर होती. पोरगी काहीतरी बोलतेय, एवढं त्याला कळलं.

"हां," तो म्हणाला, "चांगलं शे."

वर्षा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ओढणी नाकापर्यंत ओढली आणि आतून काहीतरी बोलली. उखाने पुन्हा मान डोलावली. तिने ओढणी खाली घेतली आणि अगदी सावकाश विचारलं, "कधीपासून?"

हे त्याला स्वच्छ दिसलं. "बरीच वर्सं व्हई गयात," तो म्हणाला. "फोनवर तुना आवाज येस. बोलनं समजत नही."

वर्षा त्याच्या पुढ्यात सरकून बसली आणि तिने त्या फोनचं सांगितलं, ओठ दिसतील असं. श्रीलंकेत बस चुकली म्हणून ती तळ्याकाठच्या रस्त्याने पायी निघाली होती. झाडीतून हत्ती निघाला आणि मागे लागला. सॅक टाकून ती पळाली आणि रस्त्याखालच्या मोरीत शिरली. हत्तीने सॅक फाडली, केळी खाल्ली आणि निघून गेला. मग एका चहाच्या टपरीवरून तिने रडत रडत फोन लावला होता.

"मी विचारलं, पप्पा, मी परत येऊ का? तुम्ही हसलात. मजा कर म्हणालात. मला वाटलं, माझ्या बापाला हत्तीचंसुद्धा भय नाही, मग मी कशाला रडतेय? डोळे पुसले आणि सकाळी पुढे निघाले."

उखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यापेक्षा पोरीने लग्न ठरवल्याचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पोरीच्या मागे हत्ती लागला होता आणि आपण हसलो होतो. त्याला तिच्याकडे बघवेना, पण बघितल्याशिवाय ऐकू येईना. शेवटी बुडत्याने काडी धरावी तसा तो म्हणाला, "बरं व्हयनं मंग. माले ऐकू येतं ते तुले घर बलाई लेतू." तसं घरी बोलावून घेतलं असतं तर तुझं फिरणं तिथेच संपलं असतं, असंही त्याने तिला समजावलं.

वर्षाने मान हलवली. "नाही बरं झालं. मला घरीच यायचं होतं, पप्पा. तुम्ही ये म्हणावं, म्हणून तर फोन केला होता."

या वेळी तिचा एकही शब्द त्याच्याकडून निसटला नाही.

"ये," उखा म्हणाला. "घर ये, मनी माय."

त्याच्याजवळ आवाज एकच होता, लूमच्या शेडमधला. आंब्यावरची वानरं दचकून पलीकडच्या झाडावर गेली. वर्षा त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसलेली होती. "येते," ती म्हणाली, आणि वर्षभर राहून गेलेलं रडणं रडली.