चार बोटं

सुलाफाची नमाजाची चटई पायाकडे भिंतीला टेकलेली होती आणि डोक्याकडे भिंतीपासून चार बोटं सुटलेली होती. ते अंतर यईशनेच एकदा मोजून दिलं होतं.

"आईची चटई कायम वाकडी," म्हणत रय्याने रडता रडता ती सरळ केली. यईशने लेकीला ते करू दिलं. पहाटे बायको गेली होती. मेहुण्या मुहल्हिलबरोबर तो कबरीची जागा पाहायला निघाला.

मोसुलच्या वेशीबाहेर ही मशीद उभी राहिली तेव्हा यईश तिशीचा होता. मक्केची दिशा त्याने काढली होती. धूळपाटीवर आकडा मांडायचा, बोटाने पुसायचा, त्याच जागी पुढचा मांडायचा. शेवटी उरतं ते फक्त उत्तर. त्या उत्तरावर भिंत चढली. भिंतीला धरून घरं झाली, गल्ल्या झाल्या. नऊ वर्षांनी एका चंद्रग्रहणाच्या वेळा त्याने मक्केतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि वेळांतल्या फरकावरून गणित पुन्हा केलं. उत्तर वेगळं आलं. आधी कुठे चुकलो ते शोधायला पाटीवर काहीच राहिलं नव्हतं.

त्याने फक्त सुलाफाला सांगितलं.

"लोकांना कधी सांगणार?"

"येत्या शुक्रवारी. आणि देव मनातला हेतू बघतो, अंश मोजत नाही."

"मग घरातली चटई का हो फिरवलीत?"

पुढची बावीस वर्षं ती दर रमजानला एकदाच विचारायची, आणि तो येत्या शुक्रवारचा वायदा करायचा. गेल्या रमजानला तिने विचारलं नाही. अंथरुणावरून नुसतं चटईकडे पाहिलं.

कबरस्तानात कबरी खणणाऱ्या अबू दहमानने दोरी ताणून दोन खुंट्या ठोकल्या होत्या. कुदळ टेकवून तो उभा राहिला.

"या उस्ताद. जिवंत माणसं काही रांगेत राहत नाहीत, पण माझी ही मंडळी बघा, कशी शिस्तीत! सगळ्यांची तोंडं मक्केकडे. तुमच्या भिंतीची कृपा. दोरी तिच्यावरूनच धरतो, तीस वर्षं झाली."

"आमच्या अम्माच्या शेजारीच घेतलीस ना?" मुहल्हिलने विचारलं.

"अगदी शेजारी. लेक आईकडे पाठ करून निजेल, पण काय करणार, इथे सगळ्यांचं तोंड एकीकडेच."

मुहल्हिल ओल्या डोळ्यांनी हसला. "दाजी, उन्हं चढतायत. तिला घेऊन निघालेसुद्धा असतील. सुरू करू दे त्याला."

यईश खुंटीपाशी खाली बसला. कबर चटईपेक्षा लांब असते. इथे चार बोटं पुरणार नाहीत, सहा लागतील. खुंटीशेजारी त्याने चार बोटं टेकवली, मग दुसऱ्या हाताची दोन.

"काही पडलं का, उस्ताद?"

यईशने खुंटी उपटली आणि सहा बोटं पलीकडे रोवली. दोरी शेजारच्या कबरीच्या ओळीतून सुटली, ते तिघांनाही दिसलं.

"अहो, हे काय करताय? वाकडी होईल ती!"

"मशिदीची भिंत चुकली आहे," यईश पुटपुटला. सासूच्या कबरीवरची नजर काढून त्याने ती मेहुण्याकडे वळवली आणि पुन्हा, मोठ्याने म्हणाला, "भिंत चुकली आहे, मुहल्हिल. आखणी माझी होती."