माझ्या नावाची यादी

माझी बायको लोर्ना जानेवारीत गेली. दफन झाल्यावर ते काम बघणाऱ्या संस्थेच्या माणसाने मला एक छापील कागद दिला. कोणाकोणाला कळवायचं ते त्यावर होतं. बँक, पेन्शनचं ऑफिस, फोन कंपनी, आणि अगदी खाली वाचनालय. मी एकतीस वर्षं काउंटीची, रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवली. सकाळी हातात कागद मिळायचा, त्यावरचा एकेक रस्ता साफ करायचा, पुढे खूण करायची. दुसरं काही मला फारसं येत नाही. हा कागदही मी तसाच पुरा केला.

वाचनालयात मार्सी होती. तिच्या वडिलांच्या दारातला बर्फ मी जाता जाता ढकलून द्यायचो, तेव्हापासून ती मला ओळखते. मी लोर्नाची दोन पुस्तकं परत केली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"बंद करायचं?" मार्सी म्हणाली. "थोडे दिवस राहू दे की, मिस्टर केटोला. कोणाला त्रास नाही त्याचा."

"नको. ती कधी काही अर्धवट ठेवायची नाही. नीट बंद कर."

तिने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि कात्रीने कार्डाचे दोन तुकडे करून टाकले. मी कागदावर खूण केली. त्या दिवशी मला जरा बरंसुद्धा वाटलं.

लोर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. शिक्षण माझ्याइतकंच, बारावी. पण ती काहीही वाचायची. शेवाळ, पूल कसे बांधतात, तुरुंगातलं जेवण, मधमाश्या, कर कोणी आणि का लावले. भांडी घासताना कानात कोणाचं तरी बोलणं चालू असायचं. गावातली माणसं तिला दुकानात अडवून विचारायची, "लोर्ना, मला काहीतरी वाचायला सांग ना." ती उलट दोन प्रश्न विचारायची. झोप नीट लागते का, आणि शेवटचं काय अर्धवट सोडलंस. मग त्या माणसासाठी यादी करायची. यादीतलं सगळं एकाच विषयावरचं कधीच नसायचं. एडी माझ्याबरोबर बर्फाच्या गाडीवर होता. त्याची बायको त्याला सोडून गेली तेव्हा लोर्नाने त्याला ऑक्टोपसवरचं एक पुस्तक दिलं, पाव भाजण्याचं एक, आणि माणसं रांगेत का चिडतात यावरची कोणाची तरी भाषणं. एडी म्हणायचा, "मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण तो ऑक्टोपस नसता तर मी त्या हिवाळ्यात दारूतच गेलो असतो."

मला ती म्हणायची, "अकरा तास केबिनमध्ये बसतोस, काहीतरी ऐकत जा."

"बर्फ खरवडणाऱ्या पात्याचा आवाज ऐकतो की."

"तो काय सांगतो?"

"रस्ता संपला की गप्प बसतो."

तिने मला कधी आग्रह केला नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र म्हणाली, "तुझी यादी करून ठेवली आहे, आर्वो. वाचनालयाच्या खात्यात आहे, तुझ्याच नावाने. वरून सुरू कर. मधलं गाळू नकोस, तुला सवय आहे."

"किती आहेत?"

"मोजू नकोस म्हणते ना."

मी हो म्हटलं. यादी तिच्या टॅबलेटमध्ये आहे असं मी धरून चाललो. कार्ड म्हणजे पुस्तक घरी न्यायचा परवाना, एवढंच मला ठाऊक होतं.

दोन महिने माझ्याने टॅबलेट उघडवला नाही. मार्चमध्ये उघडला. त्याने कार्डाचा नंबर मागितला. नंबर तिने आतल्या कव्हरवर लिहून ठेवला होता, तो मी घातला. असं कार्ड नाही, असं उत्तर आलं. तीनदा घातला.

मी वाचनालयात गेलो. मार्सीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"कार्ड बंद झालं की त्याच्याबरोबर सगळं पुसलं जातं," ती म्हणाली. "काय वाचलं, काय वाचायचं ठेवलं, सगळ्या याद्या. आमचा तसा नियमच आहे. उद्या शेरीफ आला आणि म्हणाला, अमका माणूस काय वाचत होता दाखवा, तर दाखवायला काही असू नये."

"शेरीफला नको. मला हवंय."

"माझ्याकडेच नाही हो. कुठेच नाही."

"वरच्या ऑफिसला विचार."

"कालच एकासाठी विचारलं होतं. नाही मिळत." मग हळू आवाजात म्हणाली, "मी तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं."

"तू विचारलंस. राहू दे असंही म्हणालीस."

नियम चांगला आहे. लोर्नालाही तो पटला असता. त्यामुळे भांडायला कोणी उरलं नाही.

एडीला सांगितलं तर म्हणाला, "चालू गाडी भंगारात देऊन आलास, गाढवा." मग म्हणाला, "माझी यादी घे. माझं नाव खोड, तुझं घाल."

"ती तुझी आहे."

"मग बस उपाशी."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा वाचनालयात गेलो. मार्सीने एक फॉर्म दिला. तुम्हाला आवडलेली तीन पुस्तकं लिहा, म्हणजे आम्ही तुमच्यासाठी काही सुचवू. मी पेन धरून बराच वेळ बसलो. तीन तर सोडाच, एकही आठवेना.

"बरं, ऐकलेलं लिहा," मार्सी म्हणाली. "ती गाडीत लावायची ना काहीतरी?"

लावायची. मागच्या शरद ऋतूत तिच्या उपचारांसाठी आम्ही आठवड्यातून दोनदा मार्क्वेटला जायचो. दीड तासाचा रस्ता. ती तिचं लावायची, मी रस्त्यावर लक्ष ठेवायचो. मी लिहिलं: एक माणूस दरवर्षी एकाच तळ्यावरचा बर्फ किती जाड आहे ते मोजतो. एक बाई घंटा सुरात आणते. तुरुंगातला आचारी. शेवट कशाचाच लिहिता आला नाही. इस्पितळ आलं की मी किल्ली फिरवून पिकअप बंद करायचो, तेव्हा बोलणंही बंद व्हायचं. परत येताना ती झोपलेली असायची.

मार्सीने दुपारभर शोधलं. घंटावाली सापडली नाही. तुरुंगातले आचारी चार वेगवेगळे निघाले. तळ्याचा माणूस सापडला.

"हा तिच्या यादीत होता का?" मी विचारलं.

"ते कसं कळणार, मिस्टर केटोला?"

ते बोलकं पुस्तक वाचनालयाकडून फोनवर ऐकायला मिळतं, पण छप्पन्न माणसं माझ्या आधी रांगेत होती. चौदा आठवडे लागतील म्हणाली. शिवाय माझ्या नावाने कार्ड लागेल. एकोणसत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा वाचनालयाचं कार्ड काढलं. मी सही करत होतो तेव्हा मार्सी दुसरीकडे बघत होती.

जूनच्या शेवटी माझा नंबर लागला. एकवीस दिवस मिळतात. मग ते फोनवरून आपलं आपण परत जातं, कोणाला विचारत नाही. घरात ऐकवत नाही म्हणून मी दारातच पिकअप चालू करून बसतो. तो माणूस तळ्याबद्दल बोलतो. पहिल्या हिवाळ्यात बर्फ किती, दुसऱ्यात किती. हे मी तिच्या शेजारी बसून ऐकलं आहे. मग तो सांगतो की सातव्या वर्षी तो तळ्यावर गेला आणि त्याला दिसलं, आणि तिथे माझा हात किल्लीवर जातो. इस्पितळाच्या पार्किंगमध्ये मी गाडी बंद केली तेव्हा बोलणं इथेच तुटलं होतं. त्याला काय दिसलं ते लोर्नाने नंतर एकटीने ऐकलं असेलही. मी विचारलं नाही.

काल एडी खिडकीशी आला. "पुढे गेलास का?"

"नाही."

"रोज पहिल्यापासून लावतोस?"

"ती म्हणाली होती, मधलं गाळू नकोस."

तो दार उघडून शेजारी बसायला आला. मी लोर्नाच्या त्या सीटवर हात ठेवला. तो मागे सरकला, छपरावर दोन थापा मारल्या आणि गेला.

अजून नऊ दिवस आहेत.